टॉवेलखालचा हात

या सदरातले अनुभव माझी बायको रविवारी चहा घेताना मोठ्यानं वाचून दाखवते आणि मी प्रत्येकात खोट काढतो. माझा धंद्याचा स्वभावच आहे तो. कुणी खुर्ची पुढे केली की मी आधी तिचा हलणारा पाय शोधतो. भुतं, संकेत, पूर्वजन्म... यातलं काहीही मी आजवर विकत घेतलेलं नाही. पण मागच्या वर्षी एक गोष्ट माझ्या हाताला घडली. अक्षरशः हाताला. तेव्हापासून तिच्यात खोट शोधतोय, सापडत नाही. शेवटी सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुमच्याच्यानं होत नाही ना? मग लिहून पाठवा. वाचणाऱ्यांना शोधू दे."

म्हणून लिहितोय.

मी मूळचा निपाणीच्या अलीकडच्या एका गावचा. बंगळूरला विशीत आलो ते एका फर्निचरच्या दुकानात सामान उचलायला. आता माझं स्वतःचं गोदाम आहे के. आर. पुरमला, आणि घर एचएसआर लेआउटमध्ये. धंदा जुन्या ऑफिस फर्निचरचा. एखादं स्टार्टअप बंद पडलं की मला फोन येतो, नवं सुरू झालं की तेव्हाही मलाच येतो. काही खुर्च्या तर मी त्याच रस्त्यावर तीनदा विकल्यात. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा या भागात कुणी नाही, हे मी फुशारकीनं सांगत नाही, माझ्याकडून माल घेतलेल्या कुणालाही विचारा. माझा आवाज चढतो, हेही ते सांगतील.

घासाघीस मी शिकलो बाबांकडून. बाबा बैलबाजारात दलाल होते. तिथला सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या हातात हात देतात, दलाल वरून खांद्यावरचा टॉवेल टाकतो, आणि आत बोटं बोलतात. किती बोटं धरली, पंजा धरला की नुसतं पेर दाबलं, यावरून किंमत ठरते. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. चेहरा कोरा ठेवायचा.

आम्ही दोघं भाऊ बाबांबरोबर बाजारात जायचो. थोरला अण्णा शांत, आणि मी तापट. बाजारात कुणी बाबांना वेडंवाकडं बोललं की मी लहान असूनही अंगावर धावून जायचो. अशा वेळी अण्णा माझ्या शेजारी येऊन बसायचा, त्याचा टॉवेल आमच्या हातांवर टाकायचा आणि आत माझ्या करंगळीच्या मुळाशी, तळहाताच्या कडेला, अंगठ्याचं नख रुतवायचा. मग माझा हात पूर्ण मुठीत घेऊन एकदाच खाली ओढायचा. अर्थ असा, की ऊठ, राग गिळ, घरी चल. ही खूण सौद्याच्या भाषेतली नव्हती. आमची दोघांची होती. बाबांनाही कधी कळली नाही. मी ती सुनंदाला सांगितली नव्हती, मुलीला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं वाटायचं. आणि नंतर नंतर तर अण्णाचं नावच घरात निघेनासं झालं.

त्याचं कारण सांगतो. बाबा गेले तेव्हा अण्णाचा फोन आला. मी गोदामातून होतो तसा निघालो. "मी येतोय, थांबा," म्हणालो. अण्णा म्हणाला, "ये." एवढंच. मी सकाळी गावात शिरलो तेव्हा लोक नदीवरून अंघोळी करून परत येत होते. अग्नी देऊन झाला होता. माझ्यासाठी काही तास थांबले नाहीत. मी अण्णाला विचारलं, का. तो काही बोलला नाही. मी पुन्हा विचारलं, मोठ्यानं विचारलं, सगळ्या गावादेखत विचारलं. तो खाली बघत उभा राहिला. मी घरात पाय न ठेवता परत फिरलो.

त्यानंतर बोलणं नाही. कितीतरी वर्षं झाली. तुम्ही म्हणाल, एवढं धरून ठेवावं का? जरूर धरून ठेवावं. बापाचं तोंड शेवटचं बघायचं राहिलं ते माझं, तुमचं नाही. या शहरात रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे मला अण्णा म्हणतात. इथली पद्धतच आहे. पण दर वेळी ऐकताना आत काहीतरी टोचतं.

मागच्या वर्षी वैनीचा फोन आला. फोन सुनंदानं घेतला. अण्णाला अर्धांगवायूचा झटका आला होता. डावी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, पुन्हा झटका आला तर काही खरं नाही. भावजींनी एकदा येऊन जावं. सुनंदानं निरोप सांगितला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी म्हणालो, "तेव्हा ते माझ्यासाठी थांबले नाहीत. आता मी का धावू?" ती आत गेली. वैनीचा त्यानंतरही फोन आला. मी गेलो नाही.

याच दिवसांत पेमा आमच्याकडे राहायला आली.

माझी मुलगी केतकी तेव्हा नववीत होती. तिच्या शाळेत शेजारच्या देशांतली मुलं येतात, नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश. आठवडाभर इथल्या मुलांच्या घरी राहतात, त्यांच्याबरोबर वर्गात बसतात, मग पुढे आपली मुलं तिकडे जातात. केतकीनं मला न विचारता नाव दिलं होतं. आमच्या वाट्याला भूतानच्या डोंगरातल्या एका खेड्यातली मुलगी आली. पेमा. केतकीच्याच वयाची, बारकी, कमी बोलणारी. हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायची; मी तिचं बोलणं मराठीतच लिहितो.

पहिल्या दिवशी सुनंदानं तिच्यासाठी मुद्दाम कमी तिखट जेवण केलं. पेमानं ते मुकाट्यानं खाल्लं आणि माझ्या ताटातल्या ठेच्याकडे बघत राहिली. मी गंमत म्हणून थोडा वाढला. तिनं तो भाकरीला लावून खाल्ला, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही, आणि म्हणाली, "अंकल, हे तुम्ही मला आधी का नाही दिलं?" त्या दिवसापासून आमचं जमलं. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून एक शाल घेऊन आली, दुकानदारानं सांगितलेल्या किमतीला. मी तिला आणि शालीला घेऊन परत त्या दुकानात गेलो. दुकानदार मला ओळखत होता, बिचारा. गाडीत बसल्यावर पेमा केतकीला म्हणाली, "तुझे बाबा भांडत होते की बोलत होते?" केतकी म्हणाली, "फरक नसतो."

रात्री जेवताना मी बोललो, पोरगी गुणाची आहे. सुनंदानं भाकरी वाढता वाढता म्हटलं, "भूतानशी जमतं तुमचं. निपाणीशी तेवढं जमत नाही."

मी ठेच्याची वाटी पुढे ओढली.

शेवटचा कार्यक्रम शुक्रवारी होता. दिवसाउजेडी, शाळेच्या सभागृहात, दुपारच्या जेवणानंतर. प्रत्येक यजमान घरानं आपल्या मुलखातलं काहीतरी दाखवायचं. कुणी रांगोळी, कुणी लेझीम, कुणी इडलीचं पीठ कसं आंबतं ते. केतकीनं माझं नाव दिलेलं होतं, टॉवेलखालचा सौदा! मी चिडलो, पण ऐन वेळी नाही कसं म्हणणार? गोदामातली एक फिरती खुर्ची घेतली, बाबांसारखा खांद्यावर टॉवेल टाकला आणि गेलो.

खरं सांगतो, मजा आली. मी मुलांना बोटांची भाषा समजावली आणि जोड्या लावल्या. श्रीलंकेची एक मुलगी आणि नेपाळचा एक मुलगा. बांगलादेशचा एक आणि आपल्याच धारवाडचा एक. खुर्ची एकच, सगळ्यांना ती विकायची किंवा घ्यायची. त्यातल्या निम्म्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण टॉवेल टाकला की चेहरे कोरे करून अशी बसत की बाबांनी पाठीवर थाप मारली असती. सभागृहात चिडीचूप. मग सौदा पटला की हशा. मी स्टेजवर उभा राहून ते बघत होतो आणि मनात काय आलं ते सांगतो... बैलबाजारात एकमेकांचे वैरीसुद्धा टॉवेलखाली हात द्यायचे. हात दिल्याशिवाय सौदाच होत नाही. मी किती वर्षांत कुणाच्या हातात हात दिला नव्हता?

शेवटी पेमा पुढे आली. तिला माझ्याशीच सौदा करायचा होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डाव्या हातात माइक होता. उजवा मी तिच्या उजव्या हातात दिला. केतकीनं वरून टॉवेल टाकला. पेमानं माझी दोन बोटं धरली. फारच कमी बोली. मी मान हलवली. तिनं पुन्हा तीच दोन बोटं धरली, हट्टी पोरगी. मी माइकवर काहीतरी विनोद करणार होतो.

तेवढ्यात माझ्या करंगळीच्या मुळाशी कुणीतरी दाबलं.

तळहाताच्या कडेला, नेमकं तिथं. जोरात, कळ जाईल इतक्या जोरात. मग माझा हात मुठीत घेऊन खाली ओढला. एकदाच.

माइक तसाच तोंडाशी. पेमा समोर शांतपणे उभी, चेहरा कोरा, मी शिकवला होता तसा. मी टॉवेल काढला. खाली आमचे दोन हात होते. तिची बोटं अजून माझ्या दोन बोटांवर होती. मी कसाबसा म्हणालो, "सौदा झाला, खुर्ची तुझी," आणि खाली उतरलो. लोकांना तो अभिनय वाटला असावा. टाळ्या पडल्या.

घरी जाताना गाडीत पेमानं विचारलं, "अंकल, दोन्ही हात टॉवेलखाली घालायचे असतात का?"

मी म्हणालो, नाही.

"मग तुम्ही का घातलात?"

मी म्हणालो, तुला वाटलं असेल. पण माझं मन मानेना. घरी आल्यावर केतकीच्या फोनवरचा व्हिडिओ बघितला. माझा डावा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत माइकवर आहे. टॉवेलच्या आत जाणारे हात दोनच, एक माझा, एक पेमाचा. तिचा दुसरा हात तिच्या पाठीमागे आहे, लहान मुलं बक्षीस घेताना धरतात तसा.

मी खोट काढायला बसलो. या मुलांबरोबर भूतानचे एक वयस्क शिक्षक आले होते. त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, उत्तरेकडच्या डोंगरातले व्यापारी पूर्वी लांब बाहीत हात घालून असाच सौदा करत, असं त्यांनी ऐकलंय. मला बरं वाटलं. म्हणजे पोरीनं घरी आजोबाबिजोबांकडून काही ऐकलं असेल. पेमाला विचारलं, तर तिला यातलं काही माहीत नव्हतं. आणि समजा, बोटांची भाषा माहीत असलीच, तरी आमची खूण कुठून माहीत असणार? ती भाषेत नव्हतीच.

मग मला खरी खोट सापडली. अण्णा नख रुतवायचा. अंगठ्याचं नख, अर्धचंद्रासारखा वळ उठायचा. सभागृहात मला नख लागलं नव्हतं. जे लागलं ते बोथट होतं, हाडासारखं, बोटाचं पेर दुमडून दाबावं तसं. आणि मूठसुद्धा अर्धवट होती, एका बाजूनं उघडी. अण्णाची पकड तशी नव्हतीच. म्हणजे ही अण्णाची खूण नाही. स्नायू आखडला असेल, पेटका आला असेल, माझं वय झालंय. मी सुनंदाला पहिल्यांदाच ती खूण काय होती ते सांगितलं, आणि लगेच ती कशी चुकली होती तेही सांगितलं.

सुनंदा म्हणाली, "अहो, माल नाकारायचा असला की तुम्ही असेच बोलता."

रविवारी सकाळी पेमाला विमानतळावर सोडायला आम्ही तिघं देवनहळ्ळीला गेलो. सगळी मुलं तिथं जमलेली. आठवड्यापूर्वी एकमेकांची नावं धड घेता येत नव्हती ती गळ्यात पडून रडत होती. बांगलादेशचा तो मुलगा धारवाडच्या मुलाला सोडेना. मी बाजूला उभा होतो. पेमा माझ्याकडे आली, नमस्कार केला आणि मग अचानक तिनं माझा डावा हात धरला. उलटा केला, तळवा बघितला, अंगठ्याच्या बाजूनं बोट फिरवलं. एखादी वस्तू घेण्याआधी मी बघतो तसं.

"हा नव्हता," ती म्हणाली. "तो खरखरीत होता. आणि तो असा..." तिनं स्वतःच्या पंजाचा अंगठा आत दुमडून चार बोटं मला दाखवली. मग तिच्या शिक्षकांनी हाक मारली आणि ती गेली.

मला तेव्हाही काही कळलं नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. एवढंच कळलं, की आता मला गोदामात जाऊन बसणं जमणार नाही. पार्किंगमधून बाहेर पडल्यावर मी गाडी दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्याला वळवली. तिथून तुमकूरचा हायवे, आणि तो सरळ निपाणीला जातो. केतकी म्हणाली, "बाबा, घर तिकडे आहे." सुनंदानं तिला मागून गप्प केलं. रस्त्यात जेवायला थांबलो तेव्हा दिसलं, सुनंदानं माझे दोन शर्ट पिशवीत भरून आणले होते. कधी भरले, मी विचारलं नाही.

दिवेलागणीच्या आधी पोचलो. वैनी दारात होती. म्हणाली, "भावजी, आलासा व्हय? या की आत." जसा मी मागच्या आठवड्यातच येऊन गेलो होतो.

अण्णा खिडकीजवळच्या कॉटवर होता. निम्मा झालेला. अंगावर गळ्यापर्यंत चादर. त्यानं मला बघितलं आणि डोळे मिटले नाहीत, पाणीही आलं नाही, नुसता बघत राहिला. मी खुर्ची ओढून बसलो. रस्ताभर मी बोलणं जुळवत आलो होतो, सौद्याला जाताना जुळवतो तसं. आधी तब्येत विचारायची, मग गावाचं. पण बसलो आणि तोंडातून तेच निघालं, तेच, इतक्या वर्षांचं.

"अण्णा, माझ्यासाठी का थांबला नाहीस?"

आवाज चढलाच. वैनी दारातून पुढे आली. अण्णानं चादरीखालून उजवा हात सरकवला आणि माझा हात आत ओढून घेतला. चादरीच्या आत. मला काही दिसत नव्हतं. करंगळीच्या मुळाशी, तळहाताच्या कडेला, त्यानं दाबलं. नख नव्हतं. हाड होतं. मग मूठ, एका बाजूनं उघडी, आणि एकदाच खाली.

मी चादर वर केली.

अण्णाच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. चार बोटं होती, आणि अंगठ्याच्या जागी जुनी, पांढरी पडलेली जखम. त्यानं मधलं बोट दुमडून पेर दाबलं होतं.

"कडबाकुट्टीच्या मशिनीत गेला," वैनी म्हणाली. "लई वर्षं झाली. तुमास्नी ठावं न्हाई?"

मला कुणी सांगितलं असतं? मी वैनीवर भडकलो, तिथंच, अण्णाच्या उशाशी. भावाचा अंगठा जातो आणि धाकट्याला कळवत नाहीत? ही काय रीत झाली? वैनी शांतपणे म्हणाली, "फोन घेतला असतासा, तर सांगितलं असतं." मी आणखी काही बोलणार होतो. अण्णानं पुन्हा दाबलं.

केतकी दारात उभी होती. तिनं अण्णाचा हात बघितला. मग माझ्याकडे बघून तिनं स्वतःचा अंगठा आत दुमडला, पेमानं दुमडला होता तसा.

तर एवढंच आहे. मी याच्यावर वर्षभर घासाघीस केलीय. खूण मला माहीत होती, म्हणून मला भास झाला, असं म्हणता येईल. पण अंगठा गेलाय हे मला माहीत नव्हतं, आणि माझा भास मला माहीत नसलेली गोष्ट कुठून आणणार? पेमाला कुणी सांगितलं म्हणावं, तर आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वैनीला विचारलं, त्या शुक्रवारी दुपारी अण्णा काय करत होता? ती म्हणाली, झोपला होता, रोजच्यासारखा. विशेष काही नाही. म्हणजे तिथूनही काही हाती लागत नाही. पेमाशी केतकीचं अजून बोलणं होतं. ती म्हणते, अंकलना सांग, हात थंड नव्हता, भीतीही वाटली नाही. कुणीतरी आजोबा रस्ता ओलांडताना धरतात तसा वाटला. ही कुठल्याच किमतीला मला पटण्यासारखी गोष्ट नाही, पण नाकारताही येत नाही.

अण्णाला दुसरा झटका अजून आलेला नाही. वाचा परत आली नाही. मी आता दर महिन्याला जातो. माझा राग गेलाय असं समजू नका. त्या सकाळी ते का थांबले नाहीत हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. वैनी म्हणते, ते तुमचं तुम्ही बघा. म्हणून मी दर वेळी खुर्ची ओढून बसतो आणि अण्णाला तोच प्रश्न विचारतो. तो दर वेळी माझा हात चादरीखाली घेतो आणि तेच उत्तर देतो, ऊठ, राग गिळ, घरी चल.

मी उठत नाही. अंधार पडेपर्यंत तसाच हात देऊन बसून राहतो.